पीअरट्यूबचा सर्व्हर टर्मिनलवरून सांभाळताना

पीअरट्यूब म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओ ठेवून लोकांना दाखवण्याचं सॉफ्टवेअर. डिस्क भरत आली म्हणून त्याच्या व्हिडिओंच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइली उडवू नकोस. डेटाबेसला त्याचा पत्ताच लागत नाही आणि लोकांना मोडके व्हिडिओ दिसतात. ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ वेगळ्या फॉरमॅटमध्ये बदलणं) मध्येच बंद पडलं की बेवारस फाइली उरतात, त्या पुसायला 'प्रून-स्टोरेज' ही कमांड आहे. आधी बॅकअप घे, पीअरट्यूब थांबव, मगच चालव. पुसण्याआधी ते विचारतं, तिथे घाई नको.

कमांड चालवायची ती 'पीअरट्यूब' याच युजरच्या नावाने. रूटने (सर्व अधिकार असलेल्या युजरने) बनवलेल्या फाइलींवर सर्व्हरला लिहिता येत नाही. पासवर्ड विसरलास तर 'रीसेट-पासवर्ड' आहेच. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र पहिल्याच दिवशी नीट विचार करून ठरव. नंतर ते बदललंस तर 'अपडेट-होस्ट' ही कमांड तुझ्या डेटाबेसमधले पत्ते बदलते, पण तुझ्या सर्व्हरला फॉलो करणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरांकडे जुनेच पत्ते राहतात.