मुलगी बर्मिंगहॅमलाच वकिली करायची म्हणते

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, बावीस वर्षं बर्मिंगहॅमजवळ राहतो. मुलीनं नॉटिंगहॅमला कायद्याची पदवी घेतली, टू-वन (फर्स्ट क्लासच्या लगेच खालचा वर्ग) मिळाला. आता बार कोर्स करणार आहोत. तिला बर्मिंगहॅमच्याच चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात) फॅमिली लॉ करायचं आहे. एवढा खर्च करून नवराबायकोची भांडणं सोडवायची? लंडनला कमर्शियलमध्येच जायचं, असं आम्ही ठरवलंय. फर्स्ट क्लास नाही, तर ते कसं जमवायचं? – एक वडील

उत्तर : ‘आता बार कोर्स करणार आहोत’ या वाक्यावर मी अडकले. कोर्स तुमची मुलगी करणार आहे. कोर्टात तीच उभी राहणार, आदल्या रात्री जागून फाइल तीच वाचणार. तुमच्या पत्रात ‘आम्ही’ आहे, ‘ठरवलंय’ आहे, खर्च आहे. तिला फॅमिली लॉ का करावंसं वाटतं, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. तुम्ही तिला विचारलंत का? टू-वनची मला काळजी नाही, तेवढ्यावर पुपिलेज, म्हणजे चेंबर्समधली उमेदवारी, मिळवलेले पुष्कळ जण आहेत. काळजी आहे ती या न विचारलेल्या प्रश्नाची.

आणि ‘नवराबायकोची भांडणं’ हे शब्द कृपा करून मागे घ्या. एखादं मूल आईबापांजवळ ठेवायचं की कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, ताब्यात द्यायचं, हा खटला 1989च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टखाली चालतो आणि एरवी तो 26 आठवड्यांत निकाली काढावा असं 2014चा कायदा सांगतो. तेवढ्या वेळात डॉक्टरांचे अहवाल, सोशल वर्करची साक्ष, घाबरलेली आई हे सगळं हाताळणाऱ्या बॅरिस्टरला मी हलकं काम करणारी म्हणणार नाही. तुमची मुलगी हे समजून निवडत असेल, तर तिचं कौतुक करा.

तुमच्या मनात मुंबईचं हायकोर्ट आणि तालुक्याचं कोर्ट अशी जुनी उतरंड आहे, ती तुम्ही इंग्लंडवर बसवताय. खुद्द तुमच्या सांगलीचे पक्षकारसुद्धा आता हायकोर्टासाठी मुंबईची गाडी धरत नाहीत. ऑगस्ट 2025पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. बर्मिंगहॅमला तर हायकोर्टाचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह कोर्ट 2009पासून बसतं आणि बिझनेस अँड प्रॉपर्टी कोर्ट्स 2017पासून. म्हणजे सरकारी निर्णयाला आव्हान असो की कंपन्यांचा मोठा वाद, तो तिथेच चालू शकतो. बर्मिंगहॅमच्या नंबर फाइव्हसारख्या मोठ्या चेंबर्समध्ये फौजदारी, फॅमिली, प्लॅनिंग, इमिग्रेशन, नोकरीचे वाद, वैद्यकीय हलगर्जी अशा शाखांचे गट एका छताखाली असतात, आणि त्यांची कार्यालयं लंडनलाही आहेत. नवख्या मुलीला याचा खरा फायदा असा की शेजारच्या खोलीत जाऊन विचारता येतं. फॅमिलीच्या खटल्यात अचानक इमिग्रेशनचा मुद्दा निघाला, तर तो जाणणारं माणूस त्याच जिन्यावर भेटतं. शिवाय चेंबर्स ही कंपनी नव्हे. प्रत्येक बॅरिस्टर स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जोखमीवर काम करतो आणि जागेचा, क्लार्कांचा खर्च सगळे मिळून उचलतात. इथला क्लार्क म्हणजे आपला कारकून नाही. कुणाला कुठलं काम द्यायचं, फी किती ठरवायची, हे तो बघतो. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा शब्द मोलाचा असतो.

म्हणून मोठ्या पाटीला भुलू नका, हे मी तिलाही सांगेन. चेंबर्स सगळ्या शाखांत सारखं दमदार नसतं. तिनं तिथला फॅमिलीचा गट बघावा : ज्युनियर किती, त्यांना आठवड्यातून किती वेळा कोर्टात उभं राहायला मिळतं, पुपिलेजनंतर किती जणांना ठेवून घेतलं. बर्मिंगहॅमच्याच सेंट आयव्हजसारख्या चेंबर्सचं फॅमिलीतलं नाव तिला माहीत असेलच.

पैशाबाबत तुमचं म्हणणं खरं आहे. लंडनची बडी कमर्शियल चेंबर्स पुपिलेजलाच कितीतरी जास्त पैसे देतात, आणि लीगल एडवर, म्हणजे गरजू पक्षकारांसाठीच्या सरकारी पैशावर, चालणाऱ्या फॅमिलीच्या कामात पहिली वर्षं ओढाताणीची जातात. पण लंडनच्या त्या कामात ज्युनियर बहुधा सीनियरच्या मागे बसून कागद तयार करतो. बर्मिंगहॅमला पुपिलेजच्या दुसऱ्या सहामाहीतच ती एकटी उभी राहून बोलायला लागेल.

मार्ग तुम्हाला ठाऊक आहेच : बार कोर्स, मग बारा महिन्यांचं पुपिलेज. कोर्ससाठी इनची, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेची, शिष्यवृत्ती मिळू शकते, तिचा अर्ज कोर्स सुरू होण्याच्या आदल्या वर्षीच करायचा असतो. चारही इन्स लंडनमध्येच आहेत आणि बर्मिंगहॅमच्या बॅरिस्टरलाही त्यांतल्या एकीचं सदस्य व्हावंच लागतं. डॉ. आंबेडकर 1922मध्ये जिथून बॅरिस्टर झाले, त्या ग्रेज इनमध्ये तुमची मुलगी बर्मिंगहॅमला राहूनही जाऊ शकते.

लंडनचं कसं जमवायचं, याचं उत्तर मी देत नाही, कारण ते तिनं विचारलेलं नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.