वाचकांचे प्रश्न : जमिनीखालची इंधनाची टाकी आणि भूजल

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांचे तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या दोन उत्तरांना ईपीए या तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या नियमांचा आधार आहे. तुमच्या राज्याचे नियम याहून कडक असू शकतात.

प्रश्न : गॅस स्टेशनवरच्या ऑटोमॅटिक टँक गेजची (टाकीतली पातळी मोजून गळती शोधणाऱ्या यंत्राची) चाचणी एका रात्री 'फेल' आली, दुसऱ्या रात्री 'पास'. 30 दिवसांत एक 'पास' लागतो, तो मिळाला. मग विषय संपला ना?
– वाचक, टेक्सास

उत्तर : नाही. 'फेल' म्हणजे गळतीचा संशय, आणि संशय 24 तासांत राज्याच्या यंत्रणेला कळवावा लागतो. सूट मोजक्याच परिस्थितींत आहे : दोष गेजमध्येच सापडला, तो लगेच दुरुस्त केला आणि नंतरच्या तपासणीत गळती दिसली नाही, किंवा तपास करून 'फेल'चे कारण गळती नसून दुसरेच होते हे ठरले, तर. नुसत्या पुढच्या 'पास'ने आधीचा 'फेल' पुसला जात नाही.

खोटा 'फेल' येतो हे खरे आहे. टँकर नुकताच खाली झालेला असतो आणि इंधनाचे तापमान स्थिरावलेले नसते, चाचणी चालू असताना विक्री होते, किंवा गेजच्या प्रोबचा (टाकीतल्या मोजदांडीचा) फ्लोट घाणीने अडकतो. यातले काय घडले ते शोधून तारखेसह लिहून ठेवा. कारण सापडले नाही तर 7 दिवसांत टाकी आणि पाइपलाइन दोन्हींची चाचणी करून घ्यावी लागते.

साठ्याच्या हिशेबात तूट दिसत नाही, यावर विसंबू नका. त्या हिशेबात महिन्याच्या विक्रीच्या 1 टक्का अधिक 130 गॅलन इतका फरक चालतो. विक्री 80,000 गॅलन असेल तर 930 गॅलन, म्हणजे साधारण 3,500 लिटर. उलट गेजला तासाला 0.2 गॅलनची गळती पकडावी लागते. ती महिन्याला 144 गॅलन होते आणि हिशेबात सहज लपते. पिण्याच्या पाण्यात बेंझिन या पेट्रोलमधल्या विषारी घटकाची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, हे लक्षात घेतले की 144 गॅलन पेट्रोल किती पाणी नासवेल ते कळते.

आणखी एक. पाइपलाइनवरचा यांत्रिक लीक डिटेक्टर अलार्म वाजवत नाही, तो प्रवाह मंद करतो. गिऱ्हाईक म्हणते पंप हळू चालतो, आणि कर्मचारी डिटेक्टरच काढून टाकतात. असे कधीही करू देऊ नका, ती मंद धारच गळतीची सूचना असू शकते.

प्रश्न : स्पिल बकेटमध्ये (टाकी भरताना सांडलेले इंधन धरणाऱ्या, फिल पाइपभोवतीच्या भांड्यात) पावसाचे पाणी साचते. ड्रेन व्हॉल्व्ह उघडून ते टाकीत सोडले तर?
– वाचक, जॉर्जिया

उत्तर : सोडू नका. 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये थोडे जास्त पाणी गेले की इथेनॉल पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. गाड्या बंद पडतात आणि टाकीला गंज लागतो. पाणी हातपंपाने काढा, त्यात इंधन असते म्हणून गटारात ओतू नका. झाकणाचे सील तपासा.

बकेट इंधन धरून ठेवते की नाही, याची चाचणी दर 3 वर्षांनी लागते. नेहमीची पद्धत : काठाखाली दीड इंचापर्यंत पाणी भरायचे, एक तास थांबायचे, पातळी 1/8 इंच किंवा जास्त उतरली तर बकेट नापास. तडा बहुधा तळाशी किंवा फिल पाइपच्या जोडाशी असतो. दर 30 दिवसांच्या पाहणीत तिथेच टॉर्च मारा.

प्रश्न : घर घेत आहोत. अंगणात जुनी हीटिंग ऑइलची टाकी पुरलेली आहे म्हणतात. काय करावे?
– वाचक, न्यू जर्सी

उत्तर : घराच्याच हीटिंगसाठी असलेल्या टाकीला वरचे केंद्रीय नियम लागू नाहीत, पण गळती झाली तर राज्याचे लागतात. करारावर सही करण्याआधी टँक स्वीप, म्हणजे पुरलेली टाकी उपकरणाने शोधण्याची तपासणी, करून घ्या. टाकी सापडली तर परवाना असलेल्या कंत्राटदाराकडून, नगरपालिकेचे परमिट घेऊन, विक्रेत्याच्या खर्चाने काढायला लावा. माती दूषित निघाली तर सफाई झाल्याचे 'नो फर्दर ॲक्शन' पत्र मागा. घराच्या विम्यात ही गळती अनेकदा वगळलेली असते, पॉलिसी वाचून घ्या.