कॅरीच्या भरवशावर घर?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंचं पत्र आलंय. ‘हे’ बँक सोडून एका प्रायव्हेट इक्विटी फर्ममध्ये, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशांचा फंड उभारून कंपन्या विकत घेणाऱ्या आणि पुढे विकणाऱ्या फर्ममध्ये, फायनान्सच्या मोठ्या हुद्द्यावर गेले. पगार थोडा उतरला, पण कॅरीत, म्हणजे फंडाच्या नफ्यातल्या फर्मच्या हिश्शात, वाटा मिळाला. त्या जोरावर आता मोठं घर बघणं चाललंय. चारपाच वर्षांत पुण्याला परतायचंही मनात आहे.

ताई, घर जरूर घ्या, पण पगाराच्या हप्त्यात बसेल तेवढंच. मिस्टरांनी लाइट बिलाच्या मागे मांडलेल्या हिशोबाचा फोटो तुम्ही पाठवलात, तो मी दोनदा वाचला. फंड शंभर कोटी डॉलरचा, तो दुप्पट होणार, नफ्याचे 20 टक्के फर्मचे म्हणजे वीस कोटी, त्यात यांचा अर्धा टक्का. झाले दहा लाख डॉलर! गुणाकार बरोबर आहे. पण ‘दुप्पट होणार’ हे कोणी सांगितलं?

बहुतेक फंडांत गुंतवणूकदारांना त्यांचं मुद्दल आणि वर साधारण 8 टक्के परतावा मिळाल्यावरच फर्मच्या वाट्याची पाळी येते. फंडाचं आयुष्य सहसा दहा वर्षांचं, वर एकदोन वर्षांची मुदतवाढ. विकत घेतलेल्या कंपन्या विकल्या गेल्या की पैसा हातात. बाजार थंड असला की नुसती वाट बघणं. शिवाय वाटा वर्षावर्षाने पक्का होत जातो. मधेच नोकरी सोडली तर उरलेला बुडतो, आणि सोडण्याचं कारण फर्मला रुचलं नाही तर काही करारांत पक्का झालेलासुद्धा. म्हणून करारातलं ‘गुड लीव्हर, बॅड लीव्हर’चं, म्हणजे कोणत्या कारणाने नोकरी सोडली तर वाट्याचं काय होईल याचं, पान शेजारी बसून वाचा. क्लॉबॅकचं कलमही बघा. पुढे फंड घसरला तर आधी मिळालेलं परत मागता येतं.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट: फंडात स्वतःचे पैसे घालायचं कबूल केलंय का? कॅरी वर्षानुवर्षं येत नाही, पण कॅपिटल कॉलची, म्हणजे कबूल केलेले पैसे मागणारी, नोटीस आली की पैसे साधारण दहाएक दिवसांत भरावे लागतात. घराच्या डाउन पेमेंटमध्ये सगळी बचत अडकली असेल तर पंचाईत. आणि अजून एच-वन-बी व्हिसावरच असाल तर नोकरी गेल्यावर पुढची सोय करायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस, हेही धरून चाला.

परतायचं म्हणता, तर खरा पेच तिथे आहे. इतकी वर्षं बाहेर राहून भारतात आलेल्यांना सुरुवातीची दोनतीन वर्षं ‘आरएनओआर’ (रहिवासी, पण अजून कायमचा नाही) असा करातला दर्जा मिळतो, तेव्हा परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर नसतो. तो दर्जा संपल्यावर कॅरी आली तर ती भारताच्या करातही येते, आणि मग दोन देशांचे कागद जुळवत बसा. तारखा ठरवण्याआधी अमेरिकेतला सीपीए (तिकडचा सीए) आणि पुण्याचा सीए या दोघांना एकाच फोनवर घ्या. वेगवेगळं विचारलंत तर दोघंही ‘ते तिकडचं बघून घ्या’ म्हणतील. आमच्या घरी अगदी हेच झालं होतं.