वाचकांचे प्रश्न: परदेशातली जुनी गाडी आणि तिची तपासणी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. पहिल्या पत्राचा प्रश्न अनेकांच्या कामाचा असल्याने त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : गेली चार वर्षे मी नोकरीनिमित्त नैरोबीला राहतो. इथे रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जपानहून आलेल्या जुन्या गाड्या आहेत. मीही एका जपानी निर्यातदाराच्या संकेतस्थळावर २०१९ सालची टोयोटा कोरोला फील्डर हायब्रिड पसंत केली आहे. मीटरवर ४८,००० किलोमीटर आहेत, लिलावाच्या कागदावर श्रेणी ४ आहे आणि छायाचित्रांत गाडी नव्यासारखी दिसते. वेगळी तपासणी करून घ्यावी का, असे विचारल्यावर विक्रेत्याने सांगितले की केनिया सरकारच्या नियमानुसार रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय गाडी जहाजावर चढतच नाही, त्यामुळे निराळा खर्च करण्याचे कारण नाही. हे खरे मानावे का?
— एक वाचक, नैरोबी

उत्तर : विक्रेत्याने सांगितलेला नियम खरा आहे, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. कोणत्याही तपासणीचा कागद हाती आला की ती तपासणी कोणी, कोणासाठी आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी केली, हे आधी पाहावे. आपल्या व्यवहारात असे दोन कागद आहेत आणि त्यांतला एकही आपल्यासाठी तयार झालेला नाही.

केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने नेमलेली संस्था जपानमध्येच गाडी तपासते, ती केनिया सरकारसाठी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, धूर या बाबी ठीक आहेत का, स्टिअरिंग उजव्या बाजूला आहे का, गाडी वयोमर्यादेत बसते का, आणि २०११ सालच्या फुकुशिमा अपघातानंतर जपानी मालाबाबत निर्माण झालेल्या चिंतेमुळे, गाडीवर किरणोत्सार आढळतो का, हे त्यात पाहिले जाते. या सर्व कसोट्यांवर उतरलेल्या गाडीचा गिअरबॉक्स सहा महिन्यांत बसला, तरी ते प्रमाणपत्र खोटे ठरत नाही, कारण गिअरबॉक्स किती दिवस टिकेल हा प्रश्न त्या तपासनिसाला कोणी विचारलेलाच नव्हता.

वयोमर्यादेचा नियम मात्र आपण स्वतः नीट तपासावा. गाडी आठ वर्षांच्या आतली असावी लागते आणि ही वर्षे पहिल्या नोंदणीच्या सालापासून मोजली जातात. २०१९ साली नोंदलेली गाडी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मोंबासा बंदरात पोहोचली पाहिजे. गाडी मर्यादेच्या शेवटच्या वर्षात असेल तर विक्रेते ती स्वस्तात देतात, आणि जहाज रखडले की ते नुकसान खरेदीदाराच्या माथी येते. सप्टेंबरनंतर अशा गाडीचे पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे.

दुसरा कागद म्हणजे लिलावपत्रक. त्यावर जरा विस्ताराने लिहितो, कारण या व्यवहारात सर्वांत जास्त माहिती त्यातच असते आणि सर्वांत कमी लोक ते नीट वाचतात. जपानमध्ये जुन्या गाड्यांचे लिलाव व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत होतात, आणि बोली लावणाऱ्याला एकेका गाडीभोवती फिरून बघायला वेळ नसतो. म्हणून लिलावगृहाचा तपासनीस आधीच गाडी पाहून एक पानी पत्रक भरतो. पत्रकात दडवादडवी झाली तर बोली लावणारे सभासद व्यापारीच तक्रार घेऊन येतात, त्यामुळे मूळ पत्रक सहसा प्रामाणिक असते. पण ते लिहिलेले असते व्यापाऱ्यासाठी, आणि व्यापाऱ्याला दुरुस्तीचा खर्च किती येईल एवढेच त्यातून जाणून घ्यायचे असते.

श्रेणी ४ म्हणजे वयाच्या मानाने बऱ्या अवस्थेतली गाडी, एवढाच अर्थ घ्यावा. आर किंवा आरए ही अक्षरे असतील तर गाडी अपघातानंतर दुरुस्त केलेली असते. अंकापेक्षा खालच्या बाजूचे गाडीचे रेखाचित्र अधिक बोलके असते. त्यावर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून-रंगवून सारखा केलेला पत्रा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजाने पत्रा खाल्ला गेलेला, आणि एक्सएक्स म्हणजे तो भाग बदललेला. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितके ते नुकसान मोठे. दारावर ए१ आणि यू१ अशा दहा खुणा असल्या तरी काळजी करू नये. मात्र मागच्या मडगार्डवर डब्ल्यू३ आणि त्याच बाजूच्या दारावर एक्सएक्स अशा दोनच खुणा असतील, तर गाडीला त्या बाजूने मार बसला होता असे समजावे. एस आणि सी एकत्र दिसले तर गाडी होक्काइदो किंवा तोहोकू भागातली आहे का ते विचारावे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने गाडीचा पोटाकडचा भाग सडतो. विक्रेत्याच्या छायाचित्रांत गाडीचे पोट सहसा दिसत नाही.

आपल्याला मिळालेले पत्रक मूळ जपानी आहे की विक्रेत्याने तयार केलेले इंग्रजी भाषांतर, हे पत्रात आपण लिहिलेले नाही. भाषांतरात डब्ल्यू गळते आणि ए राहते, हा अनुभव अनेकांना आलेला आहे. म्हणून मूळ पत्रकाची प्रत, लिलावगृहाचे नाव, लिलावाची तारीख आणि लॉट क्रमांक मागावेत आणि त्रयस्थाकडून पडताळून घ्यावेत. निर्यातदाराने गाडी लिलावातून न घेता थेट मालकाकडून घेतली असेल तर पत्रक नसेलही, आणि त्यात गैर काही नाही. पण पत्रक आहे असे सांगून ते देण्याची टाळाटाळ होत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी.

मीटरविषयी. जपानमध्ये खासगी मोटारीला पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. तिला ‘शाकेन’ म्हणतात. त्या वेळचे मीटरवरील किलोमीटर सरकारदरबारी नोंदवले जातात आणि गाडी देशाबाहेर पाठवण्यासाठी नोंदणी रद्द केल्यावर मिळणाऱ्या निर्यात प्रमाणपत्रावरही ही नोंद येते. ती नोंद, लिलावपत्रकावरचा आकडा आणि आजच्या छायाचित्रातला आकडा हे तिन्ही चढत्या क्रमाने जुळले पाहिजेत. शिवाय टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. २०१९ च्या गाडीचे चारही टायर २०२३ साली बदललेले दिसले आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झालेले असले, तर ४८,००० हा आकडा संशयाने पाहावा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. होय, स्वतंत्र तपासणी करून घ्यावी, आणि ती आपण पैसे देऊन, आपले प्रश्न लिहून देऊन करून घ्यावी. योकोहामा, नागोया, ओसाका, कोबे या बंदरांजवळ हे काम करणाऱ्या संस्था आहेत. ‘गाडी तपासा’ एवढेच सांगितले तर एक ठरावीक तक्ता भरून येतो. आपली गाडी हायब्रिड असल्याने बॅटरीच्या प्रत्येक विभागाचा विद्युतदाब (व्होल्टेज) निदान-यंत्राने मोजून त्याची नोंद मागावी, कारण ती बॅटरी बदलावी लागली तर स्वस्तात गाडी घेतल्याचा सगळा आनंद ओसरतो. रात्रभर थंड राहिलेले इंजिन सुरू करतानाची चित्रफीत मागावी. गाडी वर उचलून काढलेली पोटाची छायाचित्रे, डिकीतला गालिचा उचलून काढलेले स्टेपनीच्या खाचेचे छायाचित्र आणि चेसिस क्रमांक वाचता येईल असे छायाचित्र मागावे. स्टेपनीच्या खाचेतला पत्रा सुरकुतलेला असेल तर गाडीला मागून धडक बसलेली असते, मग बंपर कितीही चकचकीत असो. जपानच्या देशी बाजारात विकलेल्या गाड्यांचा चेसिस क्रमांक सतरा अक्षरांचा नसतो, त्यामुळे तो लहान दिसला म्हणून घाबरू नये. फील्डर हायब्रिडच्या क्रमांकाची सुरुवात एनकेई१६५ अशी असते, तेवढे जुळवून पाहावे.

पैशांबाबत दोन गोष्टी. केनियात आयात कर आपल्या खरेदीच्या पावतीवर मोजला जात नाही. महसूल प्राधिकरणाच्या यादीतली त्या गाडीची नवी किंमत धरून तीतून वयानुसार घट वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. त्यामुळे जपानमध्ये घासाघीस करून वाचवलेले पैसे करात वाचत नाहीत. दुसरे असे, की सौदा ठरल्यावर ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असा ईमेल आला तर एक पैसाही पाठवू नये. आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी.

गाडी मोंबासाला उतरली की ताबा घेण्यापूर्वी स्टेपनी, जॅक, दुसरी किल्ली आणि रेडिओ जागेवर आहेत का ते पाहावे. माझ्या एका स्नेह्याची गाडी बंदरातून सुखरूप बाहेर आली, फक्त तिचा रेडिओ आला नाही. मी त्याला म्हटले, फार वाईट वाटून घेऊ नकोस. जपानी रेडिओ ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन नव्वदीच्या आसपासच थांबतो, त्यामुळे नैरोबीची बरीचशी केंद्रे त्यावर लागलीच नसती.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई सहा वर्षे ब्रिटनमध्ये राहून कायमचे पुण्याला परतत आहेत. त्यांची मोटार पाच वर्षांची आहे, उत्तम चालते आणि तिथली ‘एमओटी’ तपासणी दरवर्षी उत्तीर्ण झालेली आहे. ती सोबत आणता येईल का? तिथल्या तपासणीचे कागद इथे चालतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आणता येणार नाही. जुनी मोटार भारतात आणायची तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी, अशी अट आहे. त्याशिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवे, वेगमापक किलोमीटरमध्ये हवा (ब्रिटनमध्ये तो मैलांत असतो), पुढच्या दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य हवा, आयातीनंतर किमान पाच वर्षे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी हवी, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच आत आली पाहिजे. जहाजावर चढण्याआधी ती मोटार वाहन कायद्याच्या नियमांत बसते असे अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते आणि इथे उतरल्यावर पुन्हा चाचणी होते.

एमओटीचे कागद यात उपयोगी पडत नाहीत. यात एक गंमतही आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये मोटारीची पहिली एमओटी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर होते. म्हणजे भारतात येण्याइतकी नवी असलेल्या गाडीची एमओटी बहुधा झालेलीच नसते, आणि जिची झालेली असते ती भारतात येण्यास जुनी ठरते. शिवाय त्या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था पाहिलीच जात नाही. गाडी त्या दिवशी रस्त्यावर सुरक्षित आहे का, एवढेच पाहतात.

समजा गाडी दोनच वर्षांची असती, तरी मी आणू नका असेच म्हटले असते. सीमाशुल्क आणि त्यावरचे कर मिळून रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते, तीवर जहाजाचे भाडे, विमा आणि चाचण्यांचा खर्च वेगळा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो हिशेब आहे. एमओटीचा अखंड इतिहास ब्रिटनमध्ये मात्र मोलाचा ठरतो. गाडीच्या क्रमांकावरून तो कोणालाही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात प्रत्येक वेळचे मैलही असतात. त्यामुळे जावईबापूंनी गाडी तिथेच विकावी, त्यांना चांगली किंमत येईल.

प्रश्न : ऑकलंडमध्ये एका विक्रेत्याकडे २०१२ सालची, जपानहून आणलेली मोटार पाहिली. नोंदीत ‘नुकसानग्रस्त अवस्थेत आयात’ असा शेरा आहे, पण विक्रेता म्हणतो की तपासणी उत्तीर्ण झाल्याखेरीज गाडीची नोंदणी झालीच नसती. घ्यावी का? शिवाय एअरबॅगबद्दल काही ऐकले होते, ते काय आहे?
— एक वाचक, ऑकलंड

उत्तर : न्यूझीलंडमध्ये जुनी गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी तिची प्रवेश-तपासणी होते. सांगाड्याला इजा आढळली तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दुरुस्ती करून दुरुस्तीचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे विक्रेता खोटे बोलत नाही. पण तो शेरा गाडी असेपर्यंत नोंदीत राहतो आणि उद्या आपण विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकालाही तो दिसेल. दुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे दाखवली, किंमतही त्या मानाने बरीच कमी असली, तर विचार करावा. छायाचित्रे नाहीत असे उत्तर आले तर घेऊ नये.

एअरबॅगची चौकशी मात्र शेरा असो वा नसो, करावीच. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये वायू तयार करण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलेले होते. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडते आणि अपघाताच्या वेळी धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. न्यूझीलंड सरकारने २०१८ साली यातल्या सर्वांत धोकादायक प्रकारच्या एअरबॅग बदलून देणे सक्तीचे केले. जपानी गाडीच्या बाबतीत ही दुरुस्ती जपानमध्येच झालेली असू शकते किंवा मुळीच झालेली नसू शकते. म्हणून गाडीचा मूळ जपानी चेसिस क्रमांक घेऊन गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या न्यूझीलंडमधील कार्यालयाकडे विचारणा करावी. न्यूझीलंडमधल्या नोंदणीच्या वेळी दिलेला सतरा अक्षरी क्रमांक कदाचित त्यांच्या जपानी यादीत सापडणार नाही. बदलायची राहिली असेल तर एअरबॅग विनामूल्य बदलून मिळते, आणि ती बदलून होईपर्यंत गाडीचे पैसे देऊ नयेत.