‘डेटाबेस कनेक्ट होत नाही’ : ट्रेसिंग शिकावं का?

प्रिय विद्यार्थिनी,

संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस, एसक्यूएलवर हात बसलेला आहे. तरी ‘ॲप्लिकेशन डेटाबेस सर्व्हरला कनेक्ट होत नाहीये, काय करशील?’ या मुलाखतीतल्या प्रश्नाला ‘सर्व्हर रीस्टार्ट करेन’ एवढंच उत्तर देता आलं, असं तू कळवलं आहेस. ट्रेसिंगची साधनं (प्रोग्रॅम आणि नेटवर्क आत काय करतात ते पावलापावलाने नोंदवणारी) शिकावीत का, कुठून सुरुवात करावी आणि आधी सर्टिफिकेशन करावं का, हे तुझे तीन प्रश्न.

शीक, जरूर शीक. पण साधनाच्या आधी एक सवय लावून घे : कनेक्शन कुठपर्यंत पोहोचलं, हे पहिल्यांदा विचारायचं. नावावरून पत्ता सापडतो, मग टीसीपी (दोन मशीनमधल्या संवादाची पद्धत) वापरून जोडणी होते, पोर्टवर (मशीनच्या क्रमांकित दारावर) ऐकणारा प्रोग्रॅम भेटतो, तो योग्य डेटाबेसकडे सोपवतो, मग लॉगिन होतं. यातली प्रत्येक पायरी मोडली की वेगळी खूण दिसते. रीस्टार्ट केल्यावर नेमक्या याच खुणा पुसल्या जातात. किती सेशन अडकले होते, कोणते सॉकेट (जोडणीचं टोक) कोणत्या स्थितीत होते, काहीच उरत नाही. शिवाय ज्यांचं काम सुरळीत चाललेलं असतं, तेही तुटतात.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे वेळ. एरर क्षणात आली आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर पलीकडचं मशीन भेटलं, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. (फायरवॉल ‘रिजेक्ट’वर, म्हणजे उघड नकार देण्यावर, असेल तरी असंच दिसू शकतं, हे ध्यानात ठेव.) बराच वेळ थांबून ‘टाइमआउट’ आला, तर पॅकेट वाटेत गिळलं जातंय किंवा मशीनच बंद आहे. टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट टिपणारं साधन) लावलास तर पहिल्या प्रकारात सिन पॅकेटला (जोडणीच्या पहिल्या विनंतीला) लगेच रिसेट (नकार) आलेलं दिसेल. दुसऱ्यात तेच सिन पुन्हा पुन्हा जाताना दिसेल आणि उत्तर शून्य.

ओरॅकलमध्ये एररचा आकडाच अर्धं काम करतो. १२१५४ म्हणजे क्लायंटला नावाचा अर्थच लागला नाही. १२५४१ म्हणजे लिसनर (पोर्टवर ऐकणारा ओरॅकलचा प्रोग्रॅम) नाही. १२५१४ म्हणजे लिसनर आहे, पण मागितलेली सर्व्हिस त्याला ठाऊक नाही. आणि टीएनएसपिंग (लिसनर भेटतो का ते पाहणारी कमांड) यशस्वी झालं म्हणून डेटाबेस चालू आहे असं समजू नकोस. ते फक्त लिसनरचं उत्तर असतं.

१२१५४ जवळून बघू. टर्मिनलवरून कनेक्ट होतं, तीच स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालवली की होत नाही, ही तक्रार नेहमीची. इथे नेटवर्क तपासण्यात वेळ घालवू नकोस. ज्या पद्धतीने ती पडते त्याच पद्धतीने, म्हणजे क्रॉनमधूनच, एसट्रेसखाली (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमला मारलेल्या हाका नोंदवणारं साधन) चालव. फक्त फाइल उघडण्याच्या हाका गाळून घे आणि ‘टीएनएसनेम्स’ (डेटाबेसची नावं आणि पत्ते ठेवणारी फाइल) शोध. क्लायंट भलत्याच डिरेक्टरीत फाइल शोधतोय आणि ‘नो सच फाइल’ मिळतंय, हे डोळ्यांसमोर येतं. कारण बहुधा एकच : त्या फाइलची जागा सांगणारं टीएनएस_ॲडमिन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तुझ्या लॉगिनमध्ये आहे, क्रॉनमध्ये नाही.

ओरॅकलचा स्वतःचा क्लायंट ट्रेस हे त्यापुढचं हत्यार. एसक्यूएलनेट डॉट ओरा या फाइलमध्ये ट्रेस_लेव्हल_क्लायंट १६ करायचं, ट्रेस_डिरेक्टरी_क्लायंटला जागा द्यायची, ट्रेस_युनिक_क्लायंट ऑन आणि डायग_एडीआर_एनेबल्ड ऑफ. शेवटची ओळ विसरली की अकरा-जी आणि त्यापुढच्या आवृत्त्या तू दिलेल्या डिरेक्टरीकडे बघतच नाहीत. तरीही फाइल तयार झाली नाही, तर दुसरीच एसक्यूएलनेट फाइल वाचली जातेय किंवा डिरेक्टरीत लिहायची परवानगी नाही. जावाचा थिन ड्रायव्हर (ओरॅकलच्या क्लायंटशिवाय चालणारा) असेल तर या ओळींचा उपयोग नाही. त्याचं लॉगिंग जावाच्या बाजूने लावावं लागतं. तयार ट्रेस हजारो ओळींचा असतो, तो वरून खाली वाचू नकोस. ‘एनटी’चा दुय्यम (सेकंडरी) एरर कोड शोध : लिनक्सवर १११ म्हणजे नकार, ११० म्हणजे टाइमआउट, विंडोजवर तेच ६१ आणि ६० (विंडोजचे मूळ कोड १००६१ आणि १००६०).

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. लेव्हल १६ चा ट्रेस पॅकेटमधला मजकूरही लिहितो, म्हणजे ग्राहकांची माहिती त्यात येऊ शकते, आणि गर्दीच्या सर्व्हरवर डिस्क बघता बघता भरते. प्रॉडक्शनवर (खऱ्या ग्राहकांच्या सर्व्हरवर) लेखी परवानगीशिवाय लावायचा नाही, एकदा बिघाड पकडला की लगेच बंद करायचा, फाइल ईमेलने इकडेतिकडे पाठवायची नाही. एसट्रेसनेही प्रोसेस मंदावते. हे भान मुलाखतीत दाखवलंस तर समोरच्याला तू कामाची वाटशील.

सर्व्हरचा लॉग मात्र ट्रेसच्याही आधी बघ. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही लॉगिन एरर क्लायंटला मुद्दामच खरं कारण सांगत नाही. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये स्टेट ५ असेल तर तसं लॉगिनच नाही, ८ असेल तर पासवर्ड चुकला. पोस्टग्रेएसक्यूएलने ‘पीजी_एचबीए डॉट कॉन्फमध्ये (कोणाला कुठून येऊ द्यायचं हे ठरवणारी फाइल) नोंद नाही’ म्हटलं, तर नेटवर्कवाल्यांना उठवायची गरज नाही. हे उत्तर खुद्द सर्व्हरने दिलंय, म्हणजे वाट मोकळी आहे.

सगळ्यात फसवा बिघाड : रात्रभर शांत पडलेल्या पूलमधली (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) सकाळची पहिली क्वेरी लटकते. मधल्या फायरवॉलने निष्क्रिय कनेक्शन मनातून काढून टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांना ते जिवंतच वाटतं. लिनक्सचा कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते चाचपणारा) डिफॉल्टने ७२०० सेकंदांनी जागा होतो, तोही प्रोग्रॅमने मागितला तरच. हे सिद्ध करायला टीसीपीडम्प दोन्ही टोकांना एकाच वेळी लावावा लागतो : इकडून पॅकेट निघालं, तिकडे पोहोचलं नाही. एकाच टोकाच्या कॅप्चरवरून फक्त उत्तर आलं नाही एवढंच कळतं, आणि मग तीन टीम एकमेकींकडे बोट दाखवत बसतात. दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली आहेत ना, तेही आधी बघ. उपाय म्हणजे कीपअलाइव्ह फायरवॉलच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवणं. ओरॅकलमध्ये सर्व्हरच्या बाजूला एसक्यूएलनेट डॉट एक्स्पायर_टाइम, मिनिटांत.

सरावासाठी दोन व्हर्च्युअल मशीन आणि फुकट मिळणारं पोस्टग्रेएसक्यूएल पुरेसं आहे. त्याचं लिसन_ॲड्रेसेस मुळात लोकलहोस्टच (फक्त तेच मशीन) असतं, त्यामुळे दुसऱ्या मशीनवरून पहिला नकार आपोआप मिळेल. मग एकेक मोडत जा : फायरवॉल आधी ड्रॉप (पॅकेट गुपचूप गिळणं), नंतर रिजेक्ट; चुकीचा पासवर्ड; मॅक्स_कनेक्शन्स १०० वरून खाली आणून भरून टाकणं. प्रत्येक वेळी क्लायंटने काय म्हटलं, पॅकेटमध्ये काय दिसलं, सर्व्हर लॉगने काय लिहिलं, हे तीन रकाने भर. ट्रेसराउटवर (पॅकेटची वाट दाखवणारं साधन) फार विसंबू नकोस. लिनक्सवर ते मुळात यूडीपी पाठवतं, तुझा डेटाबेस टीसीपीवर बोलतो. टीसीपीचा पर्याय आणि पोर्ट देऊन, रूट परवानगीने चालव.

सर्टिफिकेशन नंतर. हे तीन रकाने भरलेली वही आधी, त्याचा सारांश बायोडेटात दोन ओळींत. अर्ज करताना ज्युनिअर डीबीएबरोबर (डेटाबेस सांभाळणारे) प्रॉडक्शन सपोर्टच्या जागाही धर; त्यांना कमी लेखू नकोस, कारण खरे तुटलेले कनेक्शन रोज तिथेच येतात. फक्त ऑफर स्वीकारण्याआधी दोन गोष्टी विचारून घे : रात्रपाळी आणि ऑन-कॉल किती, आणि सर्व्हरचे लॉग वाचायची परवानगी मिळते की फक्त तिकीट पुढे सरकवायचं असतं. दुसऱ्याचं उत्तर ‘फक्त तिकीट’ असेल, तर ती जागा तुझ्यासाठी नाही.