शिशाच्या वजनांना सुरकुत्या का पडतात?

प्रश्न : खडकवासल्याला गळ टाकायला शिशाची वजनं घरीच ओततो. अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त साचा आहे, पण वजनं सुरकुतलेली, अर्धवट निघतात. महागडा साचा घेऊ का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : अजिबात नको, आहे तोच सुधारा. शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं. गार साच्याला टेकलं की कोपऱ्यात पोचायच्या आतच गोठतं, म्हणून सुरकुत्या. साचा आधी चांगला तापवा. पहिली काही वजनं बिघडणारच, ती पुन्हा वितळवा.

तरी कोपरे भरले नाहीत, तर आत हवा कोंडतेय. पुण्यात बोहरी आळीत स्क्रायबर (धातूवर रेघ ओढायचं टोकदार हत्यार) मिळेल. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात, त्या सपाट जागेवर खळग्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ ओढा. घाई नको, रेघ रुंद झाली की हवेबरोबर शिसंही बाहेर येतं. मिटलेला साचा उजेडासमोर धरा. फट दिसली तर कडेचा बर (रेघ ओढताना वर आलेली धातूची खरखरीत कड) बारीक पॉलिश पेपरने काढा, खळग्याला मात्र हात लावू नका.

आणि हे कळकळीने सांगतो : साच्यात पाण्याचा थेंबही नको, वाफ होऊन तापलेलं शिसं तोंडावर उडतं. चष्मा, हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, मुलांना लांब ठेवा. शिसं विषारी आहे. ते ज्यात वितळवलं, ते भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नका.