आईचा क्यूआरएस १३६ आहे. सीआरटी बसवावं, की १५० होईपर्यंत थांबावं?

तुम्ही लिहिलंय की आई ६६ वर्षांची, हृदयाचं पंपिंग (ईएफ) २८ टक्के, ईसीजीत एलबीबीबी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला करंट नेणारी वाट अडलेली, आणि क्यूआरएस, म्हणजे करंट खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, १३६ मिलिसेकंद. एक डॉक्टर म्हणतात सीआरटी, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजू एकदम आकुंचन पावाव्यात म्हणून दोन्हीकडे वायर टाकणारं पेसमेकरसारखं मशीन, बसवा; दुसरे म्हणतात १५०च्या खाली फारसा उपयोग नाही. शिवाय कंपनी कोणती चांगली आणि बॅटरी किती वर्षं जाते, हेही विचारलंय. त्या दोन प्रश्नांचं नंतर बघू. पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात महाभारत झालंय आणि ईसीजी काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

माझं मत: बसवा. दुसऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा, की हे १५० कोणाच्या छातीवर ठरलं?

सीआरटीच्या मोठ्या चाचण्यांत बायका फार थोड्या होत्या. एकेका चाचणीतून त्यांचा भरवशाचा वेगळा हिशोब निघावा, एवढ्या नव्हत्या. अमेरिकेत औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी मॅडिट-सीआरटी, राफ्ट आणि रिव्हर्स या तीन चाचण्यांमधल्या ४०७६ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात बायका २२ टक्के. मग एलबीबीबी असलेल्या बायका आणि पुरुष वेगळे करून पाहिले. क्यूआरएस १५०च्या वर असेल तर दोघांनाही फायदा. १३०च्या खाली कोणालाच नाही. आणि मधल्या १३० ते १४९मध्ये, म्हणजे तुमच्या आईच्या गटात, पुरुषांना म्हणावा असा फायदा नाही, पण बायकांमध्ये हार्ट फेल्युअर किंवा मृत्यूचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी. हे २०१४ साली छापून आलं. पुरुष आणि बायका एकत्र मोजल्या की हे आकड्यांत बुडून जातं.

कारणही समजण्यासारखं आहे. बाईचं हृदय लहान, त्यामुळे तिचा निरोगी क्यूआरएस मुळातच आखूड. दहा फुटांच्या खोलीतून बाहेर पडायला कोणाला अख्ख्या वाड्याइतका वेळ लागत असेल तर वाट अडलीय हे उघड आहे. घड्याळात तो वेळ कितीही कमी दिसो. म्हणूनच २०११ साली एलबीबीबीचे कडक निकष सुचवले गेले तेव्हा पुरुषांना १४० आणि बायकांना १३० असा वेगळा आकडा धरला होता.

सासूबाईंचा क्यूआरएस १३८ होता. ईसीजीची पट्टी मीच काढलेली. यंत्राने छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो, म्हणून हाताने मोजलं: कागदावरचा एक मिलिमीटरचा छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद, त्या हिशोबाने साडेतीन चौकोनांच्या किंचित आत. १५० म्हणजे पावणेचार चौकोन. कागदावर जेमतेम ०.३ मिलिमीटरचा फरक, आणि त्यावर आमच्या गावच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "सध्या गरज नाही, सहा महिन्यांनी बघू."

त्या दिवशीचं बोलणं मला अजून सलतं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, चालताना धाप लागते का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही हो, काही नाही." झालं, कागदावर त्रास नाही असं पडलं. चालणं त्यांनी सोडलंच होतं, तर धाप कुठून लागणार? देवळात जाणं बंद, कारण "गुडघे". गच्चीवर कुरडया घालणं बंद, कारण "आता कोण खातंय". वेणी घालताना हात वर धरवेना, म्हणून केस कापून घेतले आणि सगळ्यांना सांगितलं की उन्हाळा फार आहे. रात्री पलंगाला टेकून बसायच्या, विचारलं तर म्हणायच्या नामस्मरण चाललंय. आडवं झालं की दम कोंडायचा, हे मला पायाची सूज दाबून बघितल्यावर कळलं. मी तिथेच बोलायला लागले तर मोठे भावोजी म्हणाले, "डॉक्टरच थांबा म्हणतात, तर हिला कसली घाई?"

याच भावोजींनी मामंजींच्या बायपासच्या वेळी माळावरचा प्लॉट पंधरवड्यात विकला होता. तेव्हा कोणी पुरावा मागितला नव्हता, वय काढलं नव्हतं, "त्यांनाच विचारा त्यांना हवंय का" असंही म्हटलं नव्हतं. सासूबाईंच्या वेळी मात्र मी कागद दाखवला तर "ते अमेरिकेतल्या बायकांचं आहे." बरं, मग दिल्लीतलं घ्या. एम्समध्ये जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया सांगितलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली, मुलींपैकी ४४ टक्क्यांची. तिथे क्यूआरएसचा काही संबंध नव्हता. पैसे मोजताना हात कोणासाठी आखडतो, तेवढाच प्रश्न होता.

शेवटी नवऱ्याने ठेव मोडली आणि आम्ही पुण्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, वर्षापूर्वी करायचात आणि आता करत नाही असं काय काय आहे?" सासूबाई गप्प, मग एकदम रडायलाच लागल्या. मशीन बसलं. सुरुवातीला डाव्या बाजूच्या वायरचा करंट डायाफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या, नसेला लागत होता, डाव्या कुशीवर झालं की उचकीसारखे झटके यायचे. ते प्रोग्रॅमिंग बदलून थांबलं. पंपिंग २७वरून ४४वर आलं. भावोजींचं म्हणणं, औषधांनीच आलं असतं. औषधं आधीपासून तीच चालू होती, भावोजी.

आता "पण गाइडलाइनमध्ये १५० आहे" हे कोणी म्हटलं, तर २०२३ची हार्ट ऱ्हिदम सोसायटी आणि आशिया-पॅसिफिक व लॅटिन अमेरिकेच्या संघटनांची संयुक्त गाइडलाइन दाखवा. पंपिंग ३५ किंवा कमी, एलबीबीबी, त्रास होतोय, आणि रुग्ण स्त्री असेल तर १२० ते १४९ला सुद्धा पहिल्या श्रेणीची, म्हणजे सगळ्यात ठाम, शिफारस आहे. पुरुषाला त्याच आकड्याला एक पायरी खालची.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, रागात राहून गेल्या. हे सगळं एलबीबीबीपुरतं. आरबीबीबी, म्हणजे उजवीकडची वाट अडलेली असेल, तर हा हिशोब लागू नाही. ७६ टक्के हा आकडा झालेल्या चाचण्या पुन्हा चाळून काढलेला आहे, फक्त बायकांवर मुद्दाम केलेल्या चाचणीचा नाही. त्या चाचण्यांत बहुतेकांचा त्रासही सौम्य होता. आणि पूर्ण डोसाची औषधं निदान तीन महिने घेतल्यानंतरचं पंपिंग धरायचं असतं. तुमच्या आईचं २८ हे औषधांआधीचं असेल तर थांबण्यात अर्थ आहे, पण त्याचं कारण औषधं, १५० नव्हे.

पैशांची ओढाताण असेल तर शॉक देणारं सीआरटी-डी हवं की साधं सीआरटी-पी, हे नक्की विचारा. किमतीत मोठा फरक पडतो. डेन्मार्कच्या २०१६च्या चाचणीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज नसलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये शॉकच्या मशीनने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. तरुणांना फायदा दिसला, वयस्करांना नाही. ६६ हे वय अगदी काठावरचं, म्हणून अँजिओग्राफी बघूनच ठरवा.

मशीन ठेवायला कातडीखाली खिसा कुठे करणार, तेही आधी बोलून घ्या. ब्लाउजची आणि आतल्या कपड्याची पट्टी नेमकी तिथेच घासते. सासूबाईंना मिळालेल्या पुस्तिकेत उघड्या छातीचा पुरुष होता, पट्टीबद्दल अवाक्षर नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून मशीन दोन फूट लांब ठेवायचं, हे तेवढं होतं.

कंपनीचं मला विचारू नका, बसवणाऱ्याने अशी किती बसवलीत ते विचारा. डाव्या वायरमध्येच सगळं कसब आहे. बॅटरी किती करंट खातेय त्यावर टिकते, चेकअपला किती उरली ते सांगतात. आणि ईसीजीच्या आत्ताच्या पट्टीची झेरॉक्स काढून ठेवा, थर्मल कागद हळूहळू कोरा पडतो आणि मग १३६ होता की १५६ यावर भांडायलाही काही उरत नाही.